गिरणीत नीट ऐकू यायचं

उन्हाळ्यात या अंकाच्या संपादकांचा फोन आला होता. "मॅडम, तुमच्या व्यवसायातले किस्से लिहा ना. कमी ऐकू येणारी माणसं म्हटल्यावर गमतीजमती असणारच. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं आवडतं." मी हो म्हटलं. तसे किस्से माझ्याकडे आहेतही. पण त्याच आठवड्यात सुमनताई परब गेल्या, आणि त्यांच्या शोकसभेहून परतल्यापासून मला हलकंफुलकं काही सुचेना. मी मुळात हळू लिहिते. रागात तर आणखी हळू, कारण रागातलं पहिलं वाक्य बहुतेक वेळा खोडावं लागतं. खोडून खोडून जे उरलं ते पाठवते आहे. अंकात बसत नसेल तर संपादकांनी खुशाल परत करावं.

शोकसभा डोंबिवलीत, मानपाड्याच्या बाजूला, त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये होती. टेबलावर फोटो, शेवंतीचा हार, प्लास्टिकच्या खुर्च्या. एकेक जण उठून बोलत होता. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "इतकी वर्षं आम्ही शेजारी आहोत, पण वहिनींचा आवाज कधी भिंतीपलीकडे आला नाही." परबांबरोबर कारखान्यात काम केलेले एक गृहस्थ म्हणाले, "आजकालच्या मुलींनी वहिनींकडे बघून शिकावं." शेवटी परबांची बहीण, म्हणजे सुमनताईंची नणंद, उभी राहिली. डोळे पुसत म्हणाली, "माझी वहिनी म्हणजे अगदी गरीब गाय हो. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने कोणाला एक शब्द उलट केला नाही."

हॉलभर माना हलल्या. पहिल्या रांगेत सुमनताईंची मुलगी वर्षा बसली होती. तिनेही मान हलवली.

मी शेवटच्या खुर्चीवर होते. ही मंडळी ज्याला गुण म्हणत होती तो एक आजार होता. तो कानातल्या सगळ्यांत लहान हाडाला होतो, त्याला नाव आहे, उपचार आहेत, आणि सुमनताईंच्या त्या आजाराचा आलेख मी माझ्या हाताने काढला होता.

मी ऑडिऑलॉजिस्ट. हा शब्द धड उच्चारायचे कष्ट कोणी घेत नाही, म्हणून लोक मला 'कानवाल्या मॅडम' म्हणत. मी डॉक्टर नाही, ऑपरेशन करत नाही, औषध देत नाही. माणसाला किती ऐकू येतं, कुठल्या सुरातलं येतं आणि कुठल्या सुरातलं येत नाही, हे मोजायचं, आणि गरज असेल तर मशीन बसवून ते वापरायला शिकवायचं, एवढं माझं काम. सुरुवातीला ठाण्यातल्या एका रुग्णालयात नोकरी केली. नंतर डोंबिवली पूर्वेला पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचा स्वतःचा दवाखाना टाकला. आतल्या खोलीत जाड दाराची, कपाटापेक्षा थोडी मोठी केबिन होती. पेशंटला तिच्यात बसवायचं, कानावर हेडफोन, हातात बटण. अगदी बारीक आवाज आला तरी बटण दाबायचं. काचेच्या बाहेर मी बसून एकेक आवाज सोडत जायचं आणि कागदावर खुणा करायच्या.

लोकांना वाटतं मशीन म्हणजे चष्मा, लावला की दिसलं. तसं नसतं. आवाज कान गोळा करतो, पण त्याचा अर्थ मेंदू लावतो, आणि वर्षानुवर्षं आवाज पोहोचलाच नाही तर मेंदू ते काम विसरतो. म्हातार्‍या माणसाला ते पुन्हा शिकवावं लागतं. लहान मुलाची गोष्ट याहून कठीण. त्याने भाषा ऐकलीच नाही तर ती त्याला येत नाही, आणि शिकायचं वय निघून गेलं की नंतर कितीही आपटलं तरी पुरती येत नाही. म्हणून आमच्या कामात लवकर कळण्याला फार महत्त्व.

नोकरीला लागले तेव्हा वाटायचं, बहिरेपणाला बाई-पुरुष कळत नाही. कानाला कळतही नसेल, पण घराला चांगलं कळतं.

दीड वर्षाचा मुलगा हाकेला वळून बघत नाही म्हटल्यावर कल्याणहून आई, बाप, दोन्ही आज्या आणि एक काका असा जथा रिक्षा करून येई. "मॅडम, दार आपटलं तरी ढिम्म! काहीतरी गडबड आहे." ते बरोबरच होतं. मी त्यांना शाबासकी देई. मुली मात्र आठव्या-नवव्या वर्षी येत. शाळेने पाठवलेल्या, बरोबर फक्त आई, तीही कामावर अर्धा दिवस सांगून आलेली.

"घरात कोणाच्या लक्षात नाही आलं?" मी विचारायची.

"नाही हो. खूप शांत आहे ती. एका जागी बसवली की बसून राहते. त्रास म्हणून नाही पोरीचा. सासूबाई तर म्हणतात, मुलगी असावी तर अशी."

हाक मारली आणि मुलाने बघितलं नाही की काहीतरी बिघडलेलं असतं. मुलीने बघितलं नाही, नुसती हसली, की तिला चांगलं वळण लागलेलं असतं. वाईट आईबाप म्हणून हे होत नव्हतं. मुलीने गप्प असणं हे त्यांना इतकं सवयीचं, इतकं हवंसं होतं, की त्यात आजार असू शकतो हे डोक्यातच येत नव्हतं. अशा एका मुलीला मी मशीन बसवलं. वर्षभर ती नेमाने आली, शब्द फुटायला लागले, आणि मग यायची बंद झाली. तिची आई एकदा भाजीबाजारात भेटली, तेव्हा मी विचारलं. "पुढे लग्न व्हायचंय मॅडम," ती खालमानेने म्हणाली. "ते कानात दिसतं ना." मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती.

संपादकांना गंमत हवी होती, तर एक सांगते. साठीच्या पुढचे पुरुष पेशंट मशीन बघायला आले की दहातले आठ तरी तीच गंमत करत, आणि प्रत्येकाला वाटे ती आपल्यालाच पहिल्यांदा सुचली आहे. "मॅडम, बायकोचा आवाज तेवढा बंद होईल असं काही सेटिंग आहे का यात?" बरोबर आलेली बायको हसायची. तिनेच त्याला हाताला धरून आणलेलं असायचं. तिनेच माझ्याकडे नंबर लावलेला असायचा. मी आधी हसायची, मग हसणं सोडलं, आणि मग उत्तर देऊ लागले. वयाबरोबर आधी बारीक, उंच सुरातले आवाज जातात. बाईचा आणि मुलांचा आवाज तोच असतो. "काका, ते सेटिंग निसर्गानेच करून दिलंय. ते काढायला तुम्ही इथे आलात."

आणि बाई स्वतः पेशंट असली की? मग नवरा किंवा मुलगा विचारायचा, "घरातच तर असते. तिला कशाला?" ठाण्याला असताना चेंदणीच्या कोळीवाड्यातली एक मासळीवाली यायची. पहिल्यांदा आली ती एकटी, टोपली खाली कोणाकडे तरी सोपवून. "बाय, गिर्‍हाईक काय बोलतं ते कलत नाय, धंदा कसा करू?" कमी ऐकू यायला लागून तिला जेमतेम दोन महिने झाले होते. तिने कोणाला विचारलं नाही, कोणी तिला अडवलं नाही. बाजारातल्या बाईला ऐकू यायला हवं यावर घरात सगळ्यांचं एकमत होतं. स्वयंपाकघरातल्या बाईने काय ऐकायचं आहे, हा प्रश्न मला पंचवीस वर्षं शिकलेल्या माणसांनी विचारला.

सुमनताई माझ्याकडे पेशंट म्हणून आल्याच नव्हत्या. पेशंट परब होते. एमआयडीसीतल्या कारखान्यात मशिनींच्या आवाजात जन्म गेलेला, नुकताच निवृत्त झालेला उंच, मोठ्या आवाजाचा माणूस. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी ती सेटिंगची गंमत केली. शेजारच्या बाई हसल्या. पण त्या जरा लवकर हसल्या. वाक्य अजून पुरतं संपायचं होतं. नवर्‍याच्या चेहर्‍याकडे बघून त्यांना कळलं होतं की आता हसायचं आहे.

परबांना केबिनमध्ये बसवून मी कागद शोधत पाठमोरी म्हणाले, "ताई, पंखा लावू का?" उत्तर नाही. वळून बघितलं तर त्या माझ्याकडे बघून छान हसल्या. मांडीवर वाचनालयाचं पुस्तक उघडं होतं. तेवढ्यात खाली रस्त्यावर खोदकामाचं मशीन सुरू झालं, धडधड अशी की केबिनमधली तपासणी थांबवावी लागली. मी ओरडून म्हणाले, "हे आता अर्धा तास चालणार!" आणि बाईंनी पहिल्यांदा सरळ उत्तर दिलं. "चालू दे. आमच्याकडे सकाळी पाणी नव्हतं, पाइपच फुटला असेल."

आमच्या शिकण्याच्या दिवसांत मास्तरांनी सांगितलेली एक खूण मला आठवली. मी त्यांच्या समोर जाऊन बसले. "ताई, गोंगाटात तुम्हाला जास्त चांगलं ऐकू येतं का?"

त्यांनी पुस्तक मिटलं. "अगंबाई, तुम्हाला कसं कळलं? मी कोणाला सांगत नाही, वेडी म्हणतील. मला गिरणीत सगळं ऐकू येतं. दळण टाकायला गेले की बायका बोलतात त्यातला शब्द न् शब्द कळतो. घरी आलं की पुन्हा सगळं कापसात." हे त्या इतक्या हळू बोलल्या की मला पुढे वाकावं लागलं.

या आजारात कानातलं ते लहान हाड घट्ट होत जातं आणि बाहेरचा आवाज आत पोहोचत नाही. गिरणीत लोक घरघरीच्या वर आवाज चढवून बोलतात. ती घरघर पेशंटला फारशी पोहोचत नाही, पण चढवलेला आवाज पोहोचतो. म्हणून गिरणीत ऐकू येतं. स्वतःचा आवाज मात्र डोक्याच्या हाडांतून थेट आत जातो, आणि तो त्यांना इतका मोठा वाटतो की अशी माणसं फार हळू बोलतात. आपण ओरडतोय की काय अशी त्यांना सतत भीती. हा आजार बायकांत अधिक दिसतो, बर्‍याचदा आईकडून मुलीकडे येतो, आणि बाळंतपणानंतर वाढू शकतो.

म्हणजे बघा. हळू बोलणारी, कोणी काही बोललं तर उत्तर न देणारी, सगळ्या गोष्टींना हसून मान हलवणारी बाई. हे वर्णन आमच्या पाठ्यपुस्तकात लक्षणं म्हणून छापलेलं आहे. लग्नाच्या बाजारात तेच स्थळाच्या माहितीत छापतात.

परबांची तपासणी झाली. मग मी सुमनताईंना आत बसवलं. परब बाहेर चुळबुळत होते. "हिला? हिला काय झालंय? हिची कधी तक्रारच नसते." मी दोघांचे आलेख शेजारी शेजारी ठेवले. त्यांचा थोडा उतरलेला, सुमनताईंचा पार तळाला. "कधीपासून?" मी कागदावर लिहून विचारलं. "वर्षाच्या वेळेपासून," त्या म्हणाल्या. आणि ही तपासणी झाली तेव्हा वर्षा कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. "आई म्हणाली होती, बाळंतपणात कान धरतात, जाईल नंतर."

कानाच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. या वयात कशाला चिरफाड, असं घरी ठरलं. मशीनला मात्र परबांनी नाही म्हटलं नाही. दोघांची एकाच दिवशी बसवली. सुमनताईंना आवाज सुरू करून दिला आणि त्यांनी सवयीने मांडीवरच्या पुस्तकाचं पान उलटलं. थबकल्या. पुन्हा उलटलं. "पानाला आवाज असतो, हे विसरलेच होते मी," म्हणाल्या आणि एकेक पान उलटत बसल्या. माझ्या कामातला जो काही अभिमान मला आहे, तो त्या पाच मिनिटांवर उभा आहे.

पुढचं मला त्यांनीच सांगितलं. पंधरा दिवसांनी तपासणीला आल्या त्या रंगात होत्या. त्या घरात इतकी वर्षं त्यांच्या समोर वाटेल ते बोलायची सवय पडली होती. एके दिवशी जेवताना नवरा आणि नणंद वर्षाबद्दल बोलत होते. वर्षाला पुण्यात नोकरी लागत होती. नणंद म्हणाली, "मुलीच्या जातीला परगावी एकटं कशाला ठेवायचं? नाही म्हणून टाक. सुमनला काय, सांगितलं की मान हलवेल."

"मग?" मी विचारलं.

"मी आमटी वाढत होते. म्हटलं, वन्सं, मी इथेच आहे. आणि वर्षा पुण्याला जाणार. मी विचारत नाहीये, सांगतेय." त्या गालात हसल्या. "माझाच आवाज मला इतका वेगळा वाटला गं. वन्संच्या हातातला घास तसाच राहिला."

वर्षा पुण्याला गेली.

मग परब एकटे माझ्याकडे आले. "मॅडम, एक रिक्वेस्ट होती. हिच्या मशीनचा आवाज जरा कमी करून मिळेल का?"

"त्यांना त्रास होतोय?"

"तिला असा नाही. पण घरात बारीकसारीक काहीतरी चालू असतं. सगळंच कशाला कानावर पडायला पाहिजे? डोक्याला ताप. स्वभाव बदललाय हो तिचा."

"माझ्याकडे स्वभाव मोजायचं यंत्र नाही, परबसाहेब."

ते हसले. वाईट माणूस नव्हता. दारूला शिवत नसे, बायकोवर हात उचलला नाही, पगार घरी आणून दिला. त्यामुळेच माझा राग कुठे ठेवायचा ते मला कळत नाही. त्याच भेटीत त्यांनी स्वतःच्या मशीनचा आवाज मात्र वाढवून घेतला.

मशीनचा सेल शर्टाच्या बटणाएवढा असतो, आठवडा-दहा दिवस चालतो. ते सेल परब आणायचे. त्यानंतर परबांचे सेल कधी संपले नाहीत, सुमनताईंचे संपू लागले. "रविवारी आणतो," म्हणायचे, आणि रविवार यायचा नाही. पाहुणे आले की नणंद म्हणायची, "काढून ठेव गं ते, बरं नाही दिसत." हळदीकुंकवाला काढ, देवळात काढ. एक दिवस सुमनताई रिक्षा करून एकट्याच आल्या. "दोन पाकिटं दे. नथीच्या डबीत ठेवते. नथ वर्षातून दोनदा लागते, ती डबी कोणी उघडत नाही." तेव्हापासून आम्ही मैत्रिणी झालो. सेल माझ्याकडून, पुस्तकं त्यांच्याकडून. नवरात्रात एकदा मी त्यांना माझ्या घराजवळ टेंभी नाक्याला देवी बघायला आणलं. भोंग्यांनी माझं काळीज हलत होतं, सगळ्यांनी कानांवर हात ठेवले होते. सुमनताईंनी मशिनं काढून पर्समध्ये टाकली आणि आरामात गप्पा मारत चालू लागल्या. मी म्हटलं, मला काही ऐकू येत नाहीये. त्या मिस्कील हसून म्हणाल्या, "आज तू मान हलव."

गेल्या एप्रिलमध्ये न्यूमोनिया झाला म्हणून त्यांना कल्याणला एका हॉस्पिटलात ठेवलं. मी दुसर्‍या दिवशी गेले. नर्स पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून "आजी, आजी" करत होती आणि सुमनताई छताकडे बघत होत्या. नर्सने दुसरीला सांगितलं, "रिस्पॉन्स नाही देत नीट. वयामुळे गोंधळल्यात." मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन जोरात हाक मारली. त्यांनी लगेच मान वळवली.

"अगं, हळू," पुटपुटल्या, "सगळा वॉर्ड जागा होईल." आणि मग, "यांना सांग ना, माझी मशिनं आणायला. डॉक्टर काय बोलतात मला काही कळत नाही. सगळं यांच्याशीच बोलतात."

परब बाहेर बाकावर होते. मी सांगितलं. "घरी ठेवलीयत," ते म्हणाले. "इथे वस्तू हरवतात हो. महागाची आहेत." मी म्हटलं, हरवली तर मी देईन, आज आणा. "उद्या आणतो."

दुसर्‍या दिवशी आणली नव्हती. नणंद म्हणाली, "आता झोपूनच असते ती. कोणाशी बोलायचंय तिला?"

मी पुन्हा आत गेले. सुमनताईंचा श्वास वाढला होता. नाकातोंडावर मास्क होता, गळा मोकळा होता, आणि मंगळसूत्र उजव्या मनगटाला गुंडाळून वर बँडेज बांधलेलं होतं. हॉस्पिटलवाल्यांनी ते काढून घरी न्यायला सांगितलं, तेव्हा घरच्यांनी हट्टाने बांधून घेतलं होतं. सोन्याचं होतं. ते हरवेल अशी भीती कोणाला वाटली नाही.

हे वाक्य मी खोडून बघितलं. ते खोडलं जात नाही.

मी दवाखान्यातून मशिनांची एक जुनी जोडी जुळवून घेऊन गेले. तोवर त्यांना आत अतिदक्षता विभागात हलवलं होतं. भेट बंद. दोन दिवसांनी त्या गेल्या. तिथे शेवटी त्यांना कोणी काय सांगितलं, काय विचारलं, त्यातलं एक अक्षरही त्यांच्यापर्यंत पोहोचलं नसणार. आणि त्या हसून मान हलवत असणार.

शोकसभा संपली तेव्हा परब माझ्याकडे आले. हातात लहान डबी. "मॅडम, ही हिची मशिनं. कोणा गरजूला द्या. तेवढंच पुण्य लागेल हिला." मी डबी घेतली. बोलले असते तर काय बोलले असते ते मला माहीत होतं, म्हणून पाणी प्यायच्या निमित्ताने हॉलच्या मागच्या पँट्रीत गेले. तिथे चहा उकळत होता, वर पंख्याची घरघर, एक बाई ताटल्या आपटून धूत होती. वर्षा तिथेच उभी होती, दोन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन. पुण्याची नोकरी पाचेक वर्षं करून, लग्न होऊन ती कल्याणला आली होती आणि इकडे दुसरी नोकरी धरली होती. सुमनताईंच्या नणंदेने मघाशी भाषणात तिचंही कौतुक केलं होतं. मुलासाठी चांगली नोकरी सोडली, अगदी आईच्या वळणावर गेली, सासरी कोणाला आवाज माहीत नाही.

"चल, बाहेर बसू जरा," मी म्हटलं. "इथे फार आवाज आहे."

"नको मावशी," ती म्हणाली. "इथेच बोला ना. इथे मला नीट कळतं."

माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला.

"वर्षा, बाळ झाल्यापासून का?"

तिने दाराकडे बघितलं. "नोकरी बाळासाठी नाही सोडली मावशी. मीटिंगमध्ये, फोनवर कोण काय बोलतंय ते कळेना. चुका व्हायला लागल्या. सगळे म्हणाले, बाळासाठी सोडली. मग मीही तेच म्हणायला लागले. ते बरं दिसतं."

"घरी सांगितलंस?"

"सासूबाई खूश आहेत. म्हणतात, आमची सून उलटून बोलत नाही." ती तिच्या आईसारखीच छान हसली.

मी दवाखाना दोन वर्षांपूर्वीच एका हुशार मुलीच्या हाती सोपवला आहे. दुसर्‍या दिवशी वर्षाला तिथे घेऊन गेले, मूल मी सांभाळलं, आणि तपासणी मात्र मी स्वतः केली. रेष आईच्याच वाटेने उतरत होती, फक्त अजून तळाला पोहोचली नव्हती. डॉक्टरांनी ऑपरेशनचंही सांगितलं आहे. करायचं की नाही, ते या वेळी पेशंट ठरवणार आहे. तोवर सुमनताईंच्या मशिनांना वर्षाच्या कानाच्या मापाचे नवे साचे केले, आवाज तिच्या आलेखाप्रमाणे लावून दिला. परबांनी दिलेल्या त्या डबीतलीच ही मशिनं. गरजू शोधायला लांब जावं लागलं नाही.

गणपती झाल्यावर आम्ही दोघी परबांकडे गेलो. या वर्षी त्यांच्याकडे गणपती नव्हता. परब थकले आहेत. नणंद तिथेच असते. शेजारच्या एक बाई भेटायला आल्या होत्या. वर्षाने केस मोकळे सोडले होते. कानात काय आहे ते घरात अजून कोणाला माहीत नव्हतं. ते कसं आणि कधी सांगायचं, हे मी तिच्यावर सोडलं होतं.

चहा झाला. शेजारीण फोटोकडे बघून हळहळली. "सोन्यासारखी बाई हो."

नणंद म्हणाली, "अहो, एवढ्या वर्षांत कधी एक शब्द उलट केला नाही तिने."

परबांनीही मान हलवली. "कधीच नाही."

वर्षा कपबशा उचलत होती. तिने ट्रे टेबलावर परत ठेवला. केस कानामागे सारले. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण खोलीत सगळ्यांना पोहोचला.

"केला होता, बाबा," ती म्हणाली. "माझ्यासाठी केला होता."